"आधी आपण आपसात बघू"

पंचवीस वर्षं झाली असतील. गोदाकाठच्या एका लहानशा धार्मिक संस्थेच्या माडीवर आठ-नऊ माणसं बसली होती, त्यांत मी एकटी बाई. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि घरचे त्या संस्थेचे जुने भक्त, म्हणून मला बोलावणं आलं. "बाईमाणूस एखादं असावं म्हणाले," असं निरोप घेऊन आलेल्या मुलाने सांगितलं. संस्थेत संध्याकाळी हरिपाठ शिकवणाऱ्या महाराजांनी एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी वाईट वर्तन केलं, अशी तिच्या आईची तक्रार होती. आई खाली बसली होती, जिन्याखाली चपला काढतात तिथे. तिला वर बोलावलंच नव्हतं.

अध्यक्ष वयाने मोठे, सज्जन गृहस्थ. कुणाच्या पाच पैशाला हात न लावलेले. त्यांचं पहिलं वाक्य मला अजून शब्दशः आठवतं. "हे बघा, आधी आपण आपसात बघू. बाहेर गेलं तर संस्थेचं नाव जाईल." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पुढचा दीड तास संस्थेच्या नावावर गेला. सप्ताह तोंडावर आलाय, देणगीदार काय म्हणतील, पेपरवाल्यांना कोण आवरणार, विरोधी गटाच्या हातात आयतं कोलीत मिळेल. त्या दीड तासात मुलीचं नाव एकदाच निघालं, तेही "त्या अमक्यांची ना?" असं ओळख पटवण्यापुरतं. शेवटी ठरलं की महाराजांना दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेत पाठवायचं. आईची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठीच तर मला बोलावलं होतं. मी खाली गेले आणि तिला म्हणाले, "पोरीचं पुढचं सगळं आयुष्य पडलंय, बभ्रा करू नका." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग उठली, पदर सावरला आणि निघून गेली. आठवड्याने महाराजांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. ज्या शाखेत ते गेले तिथेही मुलं-मुली हरिपाठ शिकायला येत होती. माडीवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

तेव्हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा नव्हता हे खरं. पण पोलीस ठाणं होतं, दंड संहिता होती आणि आम्हां सगळ्यांना बरंवाईट कळत होतं. आमच्यात दुष्ट कुणी नव्हतं, आणि हीच गोष्ट मला आजवर झोपू देत नाही. दुष्ट माणसांनी लपवाछपवी केली तर ती समजते. सज्जन माणसांनी देवासमोर उदबत्ती लावून, अगदी शांतपणे ती केली, तर तिला काय म्हणायचं?

धर्मसंस्थेतल्या कुणावर असा आरोप आला की "आधी आपसात बघू" म्हणण्याचा अधिकारच कुणाला असता कामा नये. चौकशी संस्थेने करायचीच नाही. पोलिसांना कळवायचं, त्या माणसाला मुलांपासून आणि बायकांपासून लगेच दूर ठेवायचं आणि जिने किंवा ज्याने तोंड उघडलं त्याच्या शेजारी उभं राहायचं. यापलीकडे संस्थेचं काही काम नाही. हे मी कोणत्याही एका धर्माबद्दल लिहीत नाही. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा आमच्या घरचेही मेणबत्ती घेऊन जातात, आणि एकादशीला आम्ही त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दर्शनालाही जातो. ज्या ठिकाणी आपण डोकं टेकवतो, त्या ठिकाणाबद्दलच हे बोलावं लागतं.

माडीवरचा तो निर्णय आम्हालाच सुचलेला होता असं मला तेव्हा वाटायचं. मग २००२ साली अमेरिकेतल्या बोस्टनची बातमी वाचली. 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने त्या वर्षी जानेवारीत छापलं की जॉन गेगन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूवर १३० हून अधिक जणांनी लहानपणीच्या अत्याचाराचे आरोप केले होते आणि तीस वर्षांच्या काळात त्याला सहा-एक धर्मग्रामांतून, म्हणजे स्थानिक चर्चांतून, फिरवलं गेलं होतं. तक्रार आली की बदली. मध्ये थोडे दिवस उपचार, विश्रांती, आणि पुन्हा नव्या ठिकाणी नवी मुलं. समुद्रापलीकडचे बिशप आणि गोदाकाठचे आमचे अध्यक्ष एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी दोघांना एकच उपाय सुचला. आपल्याकडे तलाठ्याची बदली होते, मास्तरांची होते, फौजदाराची होते. गावाची तक्रार मिटवायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग. ज्या गावातून माणूस जातो ते गाव सुटतं. ज्या गावात जातो त्याला कुणी विचारत नाही.

बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना त्या डिसेंबरात पद सोडावं लागलं. दोन वर्षांनी त्यांना रोममधल्या एका थोर बॅसिलिकाची जबाबदारी मिळाली. त्यांचीही बदलीच झाली, एवढंच.

पुढे अमेरिकेतल्या बिशपांनीच करून घेतलेल्या अभ्यासाचा अहवाल २००४ मध्ये आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाले होते आणि आरोप करणाऱ्यांची संख्या १०,६६७ होती. आकडे ऐकून आपल्याकडे अनेकांना बरं वाटतं. "बघा, त्यांच्याकडे केवढं चालतं, आमच्याकडे असलं नाही." इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. हे आकडे मिळाले कारण तिथे कागद होते. कॅथलिक चर्चमध्ये कोणता धर्मगुरू कोणत्या तारखेला कुठे गेला याची नोंद असते, पत्रव्यवहाराच्या फायली असतात, त्या तिजोरीत ठेवलेल्या असतात. न्यायालयाने आदेश दिला की त्या उघडाव्या लागतात. आमच्या माडीवरच्या बैठकीचं इतिवृत्त नव्हतं. महाराज "निघून गेले" एवढंच सगळ्यांनी सांगितलं. मठ, आश्रम, मदरसा, कीर्तनाची शाळा, बुवांचा दरबार, यांतल्या किती ठिकाणी बदलीचा कागद असतो? आकडा नाही याचा अर्थ अत्याचार नाही असा होत नाही. कुणी मोजलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मोजायचं ठरवलं तर काय होतं हे फ्रान्सने दाखवलं. तिथल्या बिशपांनीच झां-मार्क सोवे या निवृत्त उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला. त्यात कायदा, वैद्यक, इतिहास जाणणारी माणसं होती आणि धर्मगुरू एकही नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयोगाने अंदाज मांडला की १९५० पासून सुमारे २ लाख १६ हजार मुलं धर्मगुरू आणि व्रतस्थांच्या अत्याचाराला बळी पडली. एखाद्या धर्मसंस्थेने आपल्याच घराची कडी काढून परक्याला आत बोलावलं आणि जे निघेल ते छापू दिलं, याबद्दल मला आदर वाटतो. आपल्या एकाही मोठ्या संस्थानाने असं काही केल्याचं मी पाहिलेलं नाही.

तरीही रोमचा पीळ पूर्ण सुटलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये नियम केला की अत्याचाराची कुणकुण लागलेल्या प्रत्येक धर्मगुरूने आणि सिस्टरने ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. त्या डिसेंबरात अशा प्रकरणांवरचा 'पोपचा गुप्ततेचा नियम'ही उठवला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण कळवायचं कुणाला? चर्चमधल्याच वरिष्ठांना. पोलिसांकडे जाणं त्या-त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. म्हणजे फिरून आधी आपसातच. रोमपासून वेगळ्या असलेल्या इंग्लंडच्या चर्चलाही याची किंमत नोव्हेंबर २०२४ मध्ये मोजावी लागली. जॉन स्मिथ नावाच्या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांतल्या मुलांना अमानुष मारहाण केली होती. १९८२ मध्येच चर्चमधल्या काही जणांनी त्याचा अंतर्गत अहवाल तयार केला आणि तो दाबून ठेवला. स्मिथ आफ्रिकेत गेला, तिथेही मुलांची शिबिरं घेत राहिला, आणि खटला न चालताच २०१८ मध्ये मेला. २०१३ मध्ये माहिती मिळूनही ती पोलिसांपर्यंत नीट पोहोचवली नाही, या ठपक्यावरून कँटरबरीच्या आर्चबिशपांना, जस्टिन वेल्बींना, पद सोडावं लागलं. त्यांनी स्वतः कुणाला बोटही लावलं नव्हतं.

सज्जन माणसं असं का वागतात, यावर मी खूप विचार केला आहे, कारण तो माझ्याबद्दलचाही प्रश्न आहे. प्रतिष्ठा आणि पैसा ही कारणं आहेतच. पण आणखी एक आहे, आणि ते धर्माच्या अगदी गाभ्यातलं आहे. धर्माकडे अशा गोष्टीसाठी एकच शब्द तयार असतो: पाप. पापाला प्रायश्चित्त असतं. अनुष्ठान करा, तीर्थस्नान करा, कबुली द्या, उपास करा, पश्चात्तापाने रडा. देव क्षमाशील आहे. पापाच्या या हिशोबात दोनच पक्ष असतात, पापी आणि देव. जिच्यावर अन्याय झाला ती पोर त्या हिशोबात कुठेच नसते. म्हणून महाराजांचे डोळे भरून आलेले पाहून माडीवरच्यांना वाटलं की काम झालं. महाराज रडले होते, हे मला तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. ती मुलगी रडत होती का, हे एकानेही सांगितलं नाही. गुन्हा हा शब्द आला की तिसरा पक्ष आपोआप उभा राहतो, त्याचं वय असतं, जबाब असतो, वैद्यकीय तपासणी असते. म्हणूनच तो शब्द कुणाला तोंडातून काढायचा नसतो.

केरळात जून २०१८ मध्ये एका सिस्टरने जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार पोलिसांत दिली. त्याआधी तिने चर्चमधल्या वरिष्ठांना पत्रं लिहिली होती. पोलिसांत जाऊनही काही हालेना तेव्हा तिच्या मठातल्या पाच सिस्टर कोचीला धरणं धरून बसल्या. त्यानंतर सप्टेंबरात अटक झाली. मधल्या काळात तिच्याच संघाने पत्रक काढून तिचा फोटो प्रसिद्ध केला. बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीची ओळख उघड करणं हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो तिच्या धर्मभगिनींनी केला. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टरांच्या हातात पुढे बदलीचे आदेश पडले. बदली हे हत्यार दुधारी आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला वाचवायला तीच, जी बोलते तिला एकटं पाडायलाही तीच.

जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवलं. न्यायालयाचा निकाल आहे, आणि मी त्यांना दोषी म्हणणार नाही. पण निकालाने संस्थेच्या वागण्याला प्रमाणपत्र मिळत नाही. आरोप खरा ठरो की न ठरो, तक्रारदाराचा फोटो छापणं चूकच होतं. उलट मला असं वाटतं की बिशप खरोखर निर्दोष असतील, तर त्यांच्यासाठीसुद्धा पहिल्या दिवसापासून पोलीस तपास हाच भला मार्ग होता.

त्याच केरळात कोट्टियूरच्या एका धर्मगुरूला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारासाठी २०१९ मध्ये शिक्षा झाली. मुलीला मूल झाल्यावर प्रकरण बाहेर आलं, तेव्हा सुरुवातीला गुन्हा कुणी अंगावर घेतला होता माहीत आहे? मुलीच्या वडिलांनी. हे वाचलं तेव्हा मी पेपर मिटून ठेवला. एखाद्या बापावर श्रद्धेचं आणि दडपणाचं किती ओझं असेल, की त्याने हे केलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. गंगापूर रोडकडून गोदावरी ओलांडून मखमलाबादच्या बाजूला जाणाऱ्या पुलाला नाशिककर 'आसाराम बापू पूल' म्हणतात. पूर आला की बातमीत तेच नाव, रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही तेच. जोधपूरच्या न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ ला आसारामला १६ वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कारासाठी जन्मठेप दिली, त्यानंतरही आमच्या तोंडून तेच नाव निघतं. नाव बदला अशी मोहीम काढायला मी हे लिहीत नाही. मला त्या मुलीच्या घराबद्दल सांगायचं आहे. तिचे वडील निष्ठावंत भक्त होते. त्यांनी शाहजहानपूरला आसारामच्या आश्रमासाठी स्वतः खपून बांधकाम केलं होतं. मुलीला विश्वासाने छिंदवाड्याच्या गुरुकुलात ठेवलं होतं. तिथून निरोप आला की मुलीला भूतबाधा झाली आहे आणि बापूच ती उतरवू शकतील. मुलगी एकट्या माणसाच्या तावडीत सापडली नव्हती. तिला तिथवर पोहोचवणारी व्यवस्था होती, आणि म्हणून खालच्या न्यायालयाने गुरुकुलाशी संबंधित आणखी दोघांनाही दोषी ठरवलं. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा खून झाला. आणि बाहेर लाखो भक्त म्हणत होते की हे षड्यंत्र आहे.

डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीमच्या बाबतीत तर त्याने बलात्कार केल्याचं सांगणारं एका साध्वीचं निनावी पत्र २००२ मध्येच पंतप्रधानांपर्यंत गेलं होतं. ते छापणाऱ्या सिरसाच्या संपादकाला, रामचंद्र छत्रपतींना, त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. शिक्षा झाली ती २०१७ मध्ये, पंधरा वर्षांनी. निकालाच्या दिवशी, २५ ऑगस्टला, उसळलेल्या दंगलीत तीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर सोळा दिवसांनी अखिल भारतीय आखाडा परिषदेने १४ 'भोंदू बाबां'ची यादी जाहीर केली. त्यात राम रहीम होता आणि चार वर्षं तुरुंगात असलेला आसारामही होता. न्यायालयाचं काम झाल्यावर "तो आमचा नव्हताच" असं म्हणायला धाडस लागत नाही. हाही एक ठरलेला प्रतिसाद आहे: आधी लपवायचं, लपेनासं झालं की नाकारायचं. दोन्हींमध्ये "आमच्याकडे हे कसं वाढलं?" हा प्रश्न टाळता येतो.

पण मनात आणलं तर आखाडे झटपट हलू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजला जुना आखाड्यातल्या एका महंताने १३ वर्षांच्या मुलीला साध्वी म्हणून दाखल करून घेतलं. बोंब होताच आखाड्याने काही दिवसांत मुलीला आईवडिलांकडे परत पाठवलं आणि महंताला सात वर्षांसाठी बाहेर काढलं. प्रकरण अत्याचाराचं नव्हतं, पण मुलीचं हित आधी, महंताची प्रतिष्ठा नंतर, हा क्रम त्यांनी लावला. तो लावता येतो.

"धर्माच्या बाबतीत बाहेरच्यांनी लुडबूड करू नये" असं मला हमखास ऐकवलं जातं. त्यावर मी मुंबईतला एक खटला सांगते. १८६० मध्ये करसनदास मूळजी यांनी आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रातून वैष्णव संप्रदायातले काही महाराज भक्तांच्या बायका-मुलींना भ्रष्ट करतात असा आरोप केला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दावा दाखल झाल्यावर भाटिया जातीच्या महाजनांनी बैठक घेऊन ठरवलं की महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, देईल तो जातीबाहेर. त्यावर करसनदासांनी फिर्याद केली आणि त्या महाजनांना दंड झाला. मूळ खटल्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. महाराजांच्या आजारांबद्दल एक वैद्य म्हणून त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी भर न्यायालयात सांगितलं. १८६२ मधल्या मुंबईत हे सांगायला काय छाती लागली असेल! न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकालात लिहिलं की प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि नीतीने जे चूक ते धर्मशास्त्राने बरोबर असू शकत नाही. करसनदास स्वतः वैष्णव घरातले होते. भाऊ दाजी रोग्याचे डॉक्टर होते. लुडबूड करणारे परके कुणीच नव्हते. आणि भाटिया महाजनांची ती बैठक म्हणजे आमची माडीवरचीच बैठक, १४० वर्षं आधीची.

आमच्या नाशकात काळारामाचं दारही आतून उघडलं नव्हतं. २ मार्च १९३० पासून पाच वर्षं बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींनी मार खाल्ला, आणि दार पुढे कायद्याने उघडलं. धर्मसंस्थेची वाट बघत बसलं तर काय होतं, हे नाशिककरांना तरी वेगळं सांगायला नको.

"खोट्या तक्रारी होतात त्याचं काय?" हा प्रश्न मात्र मी झटकून टाकत नाही. होऊ शकतात. संस्थांमध्ये गादीवरून भांडणं असतात, जमिनींची प्रकरणं असतात. म्हणूनच चौकशी गटांत वाटल्या गेलेल्या विश्वस्तांनी करू नये! पॉक्सो कायद्यात कुणाला बदनाम करायला किंवा पैसे उकळायला मोठ्या माणसाने खोटी तक्रार केली, तर शिक्षेचं कलम आहे. लहान मुलाला ती शिक्षा नाही आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. निर्दोष माणसाला माडीवरच्या तडजोडीने काय मिळतं? शाल, श्रीफळ आणि जन्मभराची कुजबुज.

कायदा आता "आपसात" ला जागाच ठेवत नाही, हे किती विश्वस्तांना ठाऊक आहे याची मला शंका आहे. पॉक्सोच्या १९व्या कलमानुसार मुलावर अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या, किंवा होईल अशी शंका असलेल्याही, प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यातून महाराज, फादर, मौलवी कुणीही सुटलेला नाही. कळवलं नाही तर २१व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर या कारणासाठीही गुन्हा नोंदवला गेला. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला लैंगिक अत्याचार कायदा अधिक गंभीर मानतो. मोठ्या बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्यात न्यास म्हणजे ट्रस्टही येतात आणि बिनपगारी सेवा करणाऱ्या सेवेकरी बायकाही येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर राज्याने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत अंगात दैवी शक्ती असल्याचं किंवा पूर्वजन्मीचं नातं असल्याचं भासवून शरीरसंबंध ठेवणं हा स्पष्ट गुन्हा लिहिलेला आहे. कायदा करणाऱ्यांना हे सुचलं कारण हे आपल्याच आजूबाजूला घडत होतं.

धर्मादाय आयुक्तांकडे प्रत्येक नोंदणीकृत न्यास दरवर्षी हिशोब देतो. दानपेटीत किती आले, मांडवाला किती गेले. त्या कागदांबरोबर आणखी एक पान का जोडू नये? संस्थेत निवासी मुलं किती, त्यांच्यासोबत रात्री कोण असतं, तक्रार आली तर कुणाकडे जायची, वर्षभरात किती आल्या, त्यांतल्या किती पोलिसांकडे पाठवल्या. पेटीतल्या नाण्यांची मोजदाद होते तर वसतिगृहातल्या मुलांची व्हायला काय हरकत आहे? आळंदीत मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आल्यावर नोंदणी नसलेल्या निवासी वारकरी शिक्षणसंस्था शोधत फिरायची वेळ प्रशासनावर आली. शोधाव्या लागतात, म्हणजे कागदावर त्या नव्हत्याच.

सिंहस्थाच्या काळात तर नाशिक-त्र्यंबकला देशभरातले आखाडे आणि खालसे उतरतात. तपोवनात साधुग्राम उभं राहतं. वीज, पाणी, रस्ते, घाट, जागावाटप यांवर वर्षानुवर्षं बैठका होतात. जागा देताना एक अट घालायला खर्च शून्य आहे: तुमच्या तळावर अल्पवयीन मुलं असतील तर त्यांची नावं आणि पालकांची संमती द्या, जबाबदार माणसाचं नाव द्या, आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक सगळ्यांना दिसेल असा लावा. साधूंचा यात अपमान नाही. शाळेत शिक्षक म्हणून माझीही पोलीस पडताळणी होऊ शकते, मला त्यात कधी अपमान वाटला नाही.

मी हे नुसतं लिहून थांबले नाही. परवा ओळखीच्या तीन संस्थांना हाताने पत्रं लिहिली. एक देवस्थान, एक कीर्तन शिकवणारी निवासी शाळा आणि एक मिशनचं वसतिगृह. तिघांनाही तेच तीन प्रश्न विचारले: तुमच्याकडे मुलांबद्दलची तक्रार घ्यायला नेमलेली व्यक्ती कोण, ती विश्वस्तांच्या घरातली आहे का, आणि पोलिसांना कळवण्याआधी बैठक घ्यायची पद्धत आहे का?

दोघांकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या चिटणीसांचा फोन आला. माझेच जुने विद्यार्थी निघाले. आवाज घाबरलेला होता.

"बाई, काही झालंय का आमच्याकडे? कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"नाही रे. काही व्हायच्या आधीच विचारतेय."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "पत्र अध्यक्षांना दाखवतो. आधी आपण आपसात बघतो, मग तुम्हाला कळवतो."